कुळागरापासून डांबरी रस्त्यापर्यंत: गोव्यात नव्याने बैलगाडी उभी करणाऱ्यांसाठी

आमचं कुळागर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. खाली ओहोळाकाठी पोफळी, नारळ, केळी आणि मिरवेली, वरच्या अंगाला काजू. कुळागरापासून डांबरी रस्ता साडेआठशे मीटरवर आहे. टेंपो रस्त्यावरच थांबतो, आत येत नाही. म्हणजे आमचं सगळं दुखणं त्या साडेआठशे मीटरचं. पूर्वी डोक्यावरून वाहणारी माणसं मिळायची. आता नारळांच्या पाड्याच्या दिवशी पाडेली मिळाला तरी वाहायला माणूस मिळत नाही. नारळ झाडाखाली पडून राहतात आणि रानडुकरांचं फावतं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही बैलगाडी सुरू केली, आणि सुरू केली ती उलट्या क्रमाने. आधी बैल आणले, मग गाडी केली, वाटेचा विचार सगळ्यात शेवटी. त्याची किंमत बैलांनी मोजली. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी वही, मग वाट, मग गाडी आणि बैल शेवटी. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही ज्याचं शेत रस्त्यापासून आत आहे, त्याला याचा उपयोग व्हावा.

१. वर्षभराच्या फेऱ्या वहीत लिहा

बैल विकत घेण्यापूर्वी एक वही घाला. कुठल्या महिन्यात काय वाहायचं, किती ओझं, किती फेऱ्या, हे लिहून काढा. शेणखत आत न्यायचं, नारळ आणि सुपारी बाहेर काढायची, भाताचा पेंढा घरी आणायचा, मार्च ते मे काजूचे बोंडू भट्टीकडे न्यायचे. बोंडूंचा हिशेब वेगळा धरा. ते साठवता येत नाहीत. त्याच दिवशी मळायला पोचले नाहीत तर वाया जातात.

आमच्या वहीत वर्षाच्या ११० फेऱ्या निघाल्या, म्हणजे सुमारे ४० दिवसांचं काम. बैल मात्र ३६५ दिवस खातो. कामाच्या बैलाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा रोज लागतो. ३०० किलोच्या बैलाला ६ ते साडेसात किलो धरला, तर जोडीला वर्षाकाठी सुमारे पाच टन होतो. अर्धा एकर भाताच्या पेंढ्यात हे भागत नाही. म्हणून जोडी एकट्याने ठेवू नका. आम्ही तीन घरांनी मिळून ठेवली आहे. गोठा आमचा, पेंढा तिघांचा, आणि नांगरणीची सावड असते तशी फेऱ्यांची सावड. कुणाचे दिवस कुठले हे जूनपूर्वीच लिहून ठेवतो. काजूच्या दिवसांत तिघांनाही एकाच वेळी गाडी हवी असते आणि तिथेच मनं दुखावतात.

तुमची वाट सपाट आणि रुंद असेल, रोजच्या दोन-चार फेऱ्या असतील, तर पॉवर टिलरची ट्रॉली पाहा. बैलगाडीचा खरा फायदा आहे तो छोटा चढ-उतार, अरुंद वाट आणि हप्त्यातून दोन-तीन दिवस काम असणाऱ्याला. शिवाय तीच जोडी चिखलणीलाही उपयोगी पडते.

२. वाट मोजा. सगळं इथेच ठरतं

गोव्यात बैल थकतो तो ओझ्यापेक्षा चढाने. का ते एकदा आकड्यांत पाहून घ्या.

बैल सावकाश चालीने, न थकता, स्वतःच्या वजनाच्या साधारण दहा टक्के जोर लावून ओढू शकतो. ३०० किलोचे दोन बैल म्हणजे मिळून ६० किलोचा जोर. रबरी टायरची गाडी ओझ्यासकट ६०० किलो असेल, तर सपाट घट्ट मातीवर तिला २०-२५ किलोचा जोर पुरतो. बैल रमतगमत नेतात. आता तीच गाडी दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या वाटेवर घाला. नुसत्या चढासाठी ६० किलो, वर मातीचे २० वेगळे. ८० किलोचा जोर दहा-वीस पावलं निभतो, तीनशे मीटर निभत नाही.

चढ मोजायला इंजिनिअर लागत नाही. तीन मीटर लांबीचा सरळ बांबू आणि गवंड्याकडची पाणसळ घ्या. बांबूचं एक टोक वाटेवर टेका, पाणसळीने बांबू आडवा समपातळीत धरा आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ३० सेंटिमीटर भरलं तर चढ दहाला एक. वाटेवर दर दहा-पंधरा पावलांनी हे करा आणि जिथे ३० च्या वर जातं तिथे चुन्याची खूण करा. आमच्या वाटेवर अशा चार जागा निघाल्या. रोज पायाखालची वाट होती, तरी त्यातल्या दोन मला मोजेपर्यंत लक्षात आल्या नव्हत्या.

मग वाट दुरुस्त करा. पाऊस ओसरल्यावर, कार्तिकात, माती अजून मऊ असते तेव्हा. तीव्र चढ असेल तिथे वाट तिरकी काढून लांब करा. पन्नास पावलं जास्त चालणं बैलाला परवडतं. वळण ऐसपैस ठेवा, कारण जोडी आणि दोन बैलांमधला लांब दांडा, म्हणजे धुरा, मिळून बरीच लांबी होते आणि आतलं चाक बांधावर चढलं की गाडी कलते. गाडीला अडीच मीटर मोकळी वाट हवी. वरच्या बाजूने पाण्याचा पाट काढा, नाहीतर पहिल्या मृगातच वाट ओहोळ होते. जिथे चाक रुततं तिथे पूर्ण वाट न फरसता फक्त दोन चाकोऱ्यांत जांभ्याचे चिरे बसवा आणि मधली पट्टी मातीची ठेवा. बैलाचे खूर मातीवर पडतात, चाक चिऱ्यावर चालतं.

वाट कुणाच्या जमिनीतून जाते हेही आत्ताच पाहा. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) आणि सर्वे प्लॅन काढून शेजाऱ्यांशी बसून बोला. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर त्यांची, रानातून जात असेल तर वनखात्याची परवानगी कामाला हात लावण्यापूर्वी घ्या. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर दाद मामलेदाराकडे मागता येते. पण शेजाऱ्याला त्याचं खत वर्षातून दोनदा फुकट पोचवून देणं त्याहून स्वस्त आणि टिकाऊ.

खाजनवाल्यांनो, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली सखल शेती असणाऱ्यांनो, तुमची गोष्ट वेगळी. तिथे चढ नाही, पण बांध मातीचा आणि आत पोकळ झालेला असू शकतो. खेकड्यांची बिळं वरून दिसत नाहीत. शेतकरी संघटनेला विचारल्याशिवाय बांधावर आणि मानशीवरून (बांधातल्या पाण्याच्या दारावरून) भरली गाडी नेऊ नका. बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं.

वाट रुंद करताच येत नसेल, तर बैलाच्या पाठीवर ओझं लादण्याचा जुना मार्ग आहेच. घाटातून मीठ वर आणि धान्य खाली याच पद्धतीने जात होतं. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत त्यालाही मर्यादा आहे: लहान बैलाला १०० किलो, मध्यम बैलाला १५०, मोठ्याला १७५. लहान म्हणजे २०० किलोपर्यंतचा बैल, मध्यम २०० ते ३५०, त्यावर मोठा.

३. गाडी: हलकी, रबरी टायरची, आणि ब्रेक असलेली

लाकडी चाकाची, लोखंडी धावेची गाडी दिसायला सुरेख. पण ओल्या मातीत ती रुतते आणि चाकाचा तुंबा (मधला गड्डा) आणि आरे दुरुस्त करणारा सुतार आता सापडत नाही. टायरची गाडी करा. वेल्डिंगवाल्याला आधी बजावून सांगा की गाडी हलकी हवी. तो भंगारातला जीपचा अख्खा आस आणि जाड चॅनल लावून देतो, आणि रिकामी गाडीच तीन-साडेतीनशे किलो होते. त्याच नियमांतली गाडीच्या ओझ्याची मर्यादा मोजताना गाडीचं वजनही धरतात, हे विसरू नका. तयार गाडी वजनकाट्यावर नेऊन रिकाम्या वजनाची पावती घ्या आणि आकडा गाडीवर रंगवा. घरातल्या कुणीही भरताना तो डोळ्यांसमोर राहतो.

दोन बैलांच्या मधला धुरा तुमच्या बैलांच्या उंचीला बसला पाहिजे. जू खांद्यावर असताना गाडीचा तळ समपातळीत दिसायला हवा. म्हणून धुऱ्याला वर-खाली करायची भोकं पाडून घ्या.

आणि ब्रेक. पहिल्या वर्षी आमच्या गाडीला ब्रेक नव्हता. शेजारचे आप्पा म्हणाले होते, "अरे, उतारावर बैल काय पायाने थांबवणार?" मी ऐकलं नाही. पाड्याचे न सोललेले ४०० नारळ भरले, म्हणजे जवळजवळ ५०० किलो, आणि ओहोळाच्या उतारावर गाडीने बैलांना पुढे लोटायला सुरुवात केली. डावीकडचा ढवळा गुडघ्यावर बसला. गाडी चिऱ्यांच्या गडग्याला जाऊन अडकली म्हणून थांबली. ढवळ्याच्या गुडघ्याची कातडी सोलून निघाली होती आणि तो उठायचं सोडून माझ्याकडे पाहत होता. तीन आठवडे त्याला जुंपला नाही. उतारावर गाडीचा सगळा रेटा मानेवर आणि जुवावर येतो, चढापेक्षा हा प्रसंग वाईट. दोन्ही टायरांवर दाबणारी लाकडी पट्टी आणि गाडीवानाच्या हाताशी तिचा दांडा, एवढी साधी सोय वेल्डिंगवाला दिवसभरात करून देतो. सोबत दोन लाकडी अटकाव ठेवा, चढावर दम घ्यायला थांबलात की चाकामागे सारायला.

मागे लाल आणि पुढे पांढरे चमकणारे पट्टे चिकटवा, धुऱ्यालाही. संध्याकाळी डांबरी रस्ता ओलांडताना भाड्याच्या स्कूटरवाल्याला गाडी दिसली पाहिजे.

४. बैल निवडणं

बाजारात पहिली नजर खिल्लारावर जाते. उंच, देखणा, चालीला वेगवान. पण माणदेशाच्या कोरड्या माळावरचा तो बैल आमच्या पावसात आणि अरुंद उतारावर बावरतो, असा माझा अनुभव. छोट्या कुळागराला लहान चणीचा, घट्ट खुराचा स्थानिक बैल बरा. गोव्याची श्वेतकपिला ही देशी जात आता राष्ट्रीय पातळीवर नोंदलेली आहे, आणि जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केलं आहे. घरच्या गाईचे पाडे असतील तर दोन-तीन वर्षं थांबून तेच तयार करा. रेडा चिखलात उत्तम, पण उन्हात तापतो. त्याला डुंबायला पाणी नसेल तर गाडीला लावू नका.

घेताना दात पाहा. दुसा म्हणजे दोन कायमचे दात आलेला, साधारण दोन-अडीच वर्षांचा, शिकवायला चांगला. चौसा किंवा सहादाती लगेच हलक्या कामाला. जुळलेला (सगळे कायमचे दात आलेला) असेल तर शिकलेला मिळतो, पण वय नक्की सांगता येत नाही, तेव्हा पाय आणि खांदा जास्त बारकाईने पाहा. खांद्यावर जुना गाठीचा व्रण आहे का हे केस बाजूला सारून पाहा. बैल दगडी उतारावरून चालवून बघा. खूर आपटतो की सरळ टेकतो, ते तिथे कळतं. दोघांची उंची आणि चाल सारखी हवी. एक बोटभर उंच असेल तर चालेल, एक मंद आणि एक तापट असेल तर चालणार नाही.

आमची जोडी बेळगावकडची. घरी आणली, "चल" म्हटलं, दोघेही ढिम्म. त्यांना कन्नड हाका ठाऊक होत्या. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अहो, महिनाभर आमच्यासारखं बोला, मग ते तुमचं शिकतील." तेव्हा बैल घेतानाच विकणाऱ्याला जुंपून, चालवून, थांबवून दाखवायला सांगा आणि त्याच्या हाका मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.

५. कागदपत्रं

एका प्लॅस्टिकच्या पिशवीत हे सगळं ठेवा:

- बैलांच्या खरेदीची पावती, विकणाऱ्याच्या सहीसकट, बैलांचं वर्णन आणि कानातल्या टॅगचा १२ अंकी क्रमांक घालून.
- परराज्यातून आणत असाल तर निघण्याच्या ठिकाणच्या पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार गुरं ट्रकमधून आणताना तो लागतो.
- एक-चौदाचा उतारा आणि कृषी कार्ड. वाटेत कुणी अडवलं तर बैल शेतीसाठीच नेत आहात हे यावरून दाखवता येतं.
- लसीकरणाची नोंद.
- विमा असेल तर पॉलिसी. टॅग कानातून पडला तर लगेच दवाखान्यात कळवून नवा मारून घ्या. टॅगशिवाय भरपाई मिळत नाही.
- गाडीच्या वजनाची पावती.
- भागीदारी असेल तर तिघांच्या सह्यांचा साधा करार: चारा कुणाचा, औषधाचा खर्च कसा, बैल म्हातारा झाल्यावर कुणी सांभाळायचा.

अवजारांच्या अनुदानाच्या योजना बदलत असतात. त्या तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन विचारा आणि आधी मंजुरी घेऊन मगच खरेदी करा. आधी विकत घेऊन बिल नेणारे बरेच जण हात हलवत परत येतात.

सर्वांत फसवणारा प्रकार: रात्री, घाईत, कागदाशिवाय स्वस्तात बैल देणारा दलाल. तो बैल कुणाचा होता हे तुम्हाला कधीच कळत नाही आणि चौकीवर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

६. जू आणि खांदा

जू हलक्या पण चिवट लाकडाचं, खांद्यावर टेकतो तो भाग रुंद आणि हाताला गुळगुळीत लागेल असा घासलेला. खिळा, गाठ, सालीचा तुकडा काहीही नको. गोणपाट गुंडाळून मऊ करायचा मोह टाळा. गोणपाट घामाने भिजतं, त्यात वाळू अडकते आणि दोन दिवसांत खांदा सोलतो. शिवळा (जुवाच्या खुंट्या) आणि सापत्यांमध्ये (गळ्याखालच्या पट्ट्यांमध्ये) गळ्याशी चार बोटं जातील एवढी जागा ठेवा.

जुंपण्यापूर्वी रोज मी एक करतो. तळहात आधी बैलाच्या मानेवर कानामागे ठेवायचा, मग खांद्यावर जू बसतं तिथे. खांदा जास्त गरम लागला किंवा बैलाने कातडी थरथरवली, तर त्या दिवशी सुट्टी. खांदेसूज याच टप्प्यावर आटोक्यात येते, पुढे गेली तर डॉक्टर आणि महिनाभर विश्रांती.

खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारायची का? रोज डांबरी रस्त्यावरून लांब जायचं असेल तर हो. प्रत्येक खुराला दोन, म्हणजे बैलाला आठ. आमच्यासारखी मातीची वाट असेल तर गरज पडत नाही, उलट ओल्या चिऱ्यावर पत्रीचा पाय घसरतो.

७. पहिला महिना

पहिला आठवडा नुसतं जू आणि चालणं. दुसऱ्या आठवड्यात साखळीने हलका ओंडका. तिसऱ्यात रिकामी गाडी, चौथ्यात थोडी भरून. प्रत्येक बैलाची बाजू ठरवा, डावीचा डावीलाच. रोज तासाभराहून जास्त नको.

८. भरणं आणि चालवणं

दोन चाकांच्या गाडीत ओझं आसाच्या किंचित पुढे. जास्त पुढे भरलं तर मान दबते. मागे भरलं तर जू वर उचललं जातं आणि सापती गळ्याला फास देते. भरून झालं की धुरा हाताने उचलून पाहा. थोडं वजन हाताला जाणवलं पाहिजे, पण एका माणसाला सहज उचलता आलं पाहिजे.

ओझं ठरवा ते वाटेतल्या सगळ्यात खड्या जागेवरून. नियमही तेच सांगतात: किलोमीटरभर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि तो ३० मीटरला ३ मीटरहून जास्त असेल, तर ओझ्याची मर्यादा निम्मी. आमचा चढ तेवढा लांब नाही, तरी आम्ही निम्मंच भरतो. ४०० नारळ आता दोन फेऱ्यांत जातात आणि अर्धा तास जास्त लागतो, एवढंच.

दिवसात एकूण ९ तासांहून जास्त काम नको, सलग ५ तासांहून जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचा नाही. आपल्याकडे पारा क्वचित तेवढा चढतो. पण आपल्या दमट हवेत बैल त्याआधीच धापा टाकतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी साडेनऊला गाडी सोडतो. आरीची, टोकदार खिळ्याची काठी कायद्याने बंद आहे. कामाच्या दिवशी बैलाला ३०-४० लिटर पाणी लागतं. कुळागरात पोचल्यावर आधी पाणी, मग भरणं.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर आमची गाडी वाटेवर नसते. टायर जमिनीपासून उचलून, आस वंगण भरून, धुरा भिंतीला टेकवून छपराखाली ठेवतो. घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या. लाळ्या-खुरकूताची सहा महिन्यांनी असते. गोठ्याची जमीन चिऱ्याची आणि उताराची ठेवा. ओल्या शेणात उभा राहिलेला खूर मऊ होतो आणि पाऊस संपल्यावर पहिल्याच खड्यावर चिरतो. गोचीड रोज हाताने पाहा, कानाच्या आत आणि शेपटीखाली. बिबट्याचा वावर असेल तर गोठ्याला वरपर्यंत जाळी हवी.

चतुर्थीनंतर वाट उघडली की भरायची घाई करू नका. बैल एवढे महिने गाडीला लागलेले नसतात, खांदा कोवळा झालेला असतो. पहिल्या दिवशी रिकामी गाडी कुळागरापर्यंत नेऊन परत आणा. सोबत फावडं आणि चुन्याची पिशवी घ्या, आणि जिथे चाक घसरलं तिथे खूण करून ठेवा.